तो पोचला का?

जाहिराती लागल्या की ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची.

बाकीच्या घरात उलटं असतं. मालिका चालू असली की बायका बसतात आणि जाहिरात लागली की कुकर बघायला उठतात. आमच्याकडे मालिका बघायची माझी आई, आणि तिच्या मागे पाय पसरून मी. बायको आत. भाकरी थापता थापता मालिकेतली रडारड तिच्या कानावर पडायची, पण तिला त्यात गम्य नव्हतं. म्हणायची, "भांडणं काय बघायची? आपल्या जिन्यात आहेत की फुकट." पण मालिका थांबून जाहिरातींचा आवाज चढला, की ती गॅस बारीक करायची आणि पदराला हात पुशीत दारात येऊन उभी राहायची. बसायची नाही. एक पाय आत, एक बाहेर. जाहिराती संपल्या की परत आत.

ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत आमचं सगळं आयुष्य असंच गेलं. त्यामुळे मालिकेतलं एक माणूस तिला ओळखता यायचं नाही, पण जाहिरातीतली माणसं सगळी तिच्या नात्यातली. बिस्किटाच्या एका जाहिरातीत शाळेला उशीर झालेली एक पोरगी पळत असायची. ती जाहिरात बंद झाली तर ही म्हणाली, "सुटली शाळा तिची. आता कॉलेजात असेल." पुढे काही वर्षांनी दागिन्यांच्या जाहिरातीत एक नवरी आली. हिने लगेच ओळखलं.

"बघा, तीच. बापाने पैसा ओतलाय लग्नात."

"अगं येडे, ही वेगळी पोरगी आहे."

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही भिंतीवरच्या जाहिराती रंगवणारे."

ते खरं होतं. मी भिंती रंगवायचो. शाळा चौथीपर्यंत, पण हात सरळ. शीळफाट्यापासून कल्याणपर्यंत रस्त्याच्या कडेला जेवढ्या भिंती होत्या, त्यातल्या बऱ्याचशांवर माझा ब्रश फिरलाय. सिमेंट, बनियन, खत, उंदराचं औषध. अक्षर मी चित्रासारखं उतरवायचो. त्याला वाचायला लागत नाही. म्हणून माझं वाचणं जन्मभर हळूच राहिलं. आमच्या कामात गोष्ट नव्हती. नाव मोठं, रंग भडक, संपलं. गाडीतल्या माणसाने जाता जाता बघायचं आणि विसरून जायचं. एकदा तिला टेम्पोतून शीळफाट्याला नेलेलं, माझी मोठी भिंत दाखवायला. तिने बराच वेळ बघितली. म्हणाली, "चांगली आहे. पण तुमच्या भिंतीत कोणी राहत नाही."

मला राग आलेला. आता वाटतं, बरोबर बोलली.

एवढा जीव लावायची जाहिरातींना, पण घेतलं कधी काही नाही. साबण वाण्याकडचा, तेल घाण्यावरचं, चहा सुटा. खालच्या वाण्याकडून दोन प्रकारची चहा पावडर आणायची आणि घरी डब्यात मिसळायची. जाहिरातीतली वस्तू का घेत नाहीस विचारलं तर म्हणायची, "त्यांच्या घरचं ते त्यांच्या घरी. आपण बघायला जातो, उचलून आणायला नाही."

माझी नात ठाण्याला एका ऑफिसात कामाला आहे. तिथे फोनवर दाखवायच्या जाहिराती तयार करतात. ती सांगते की माणूस कितव्या सेकंदाला कंटाळून बोट लावतो आणि जाहिरात पळवतो, तेसुद्धा त्यांना दिसतं. म्हणून सुरुवातीलाच काहीतरी गोष्ट टाकायची, माणूस अडकला पाहिजे. मी म्हटलं, तुझी आजी अडकायची. नात हसून म्हणाली, "आबा, आजीसारखी माणसं म्हणजे आमच्या साहेबांना ताप. सगळं बघणार, रडणार, हसणार, आणि घेणार काहीच नाही."

आमच्या हिच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत, माझी आई कधीच गेलेली, एका चहाची जाहिरात लागायची. डोंगरातल्या वळणावर एक घर. संध्याकाळ. एक बाई दोन कपांत चहा ओतते. एक स्वतः घेते, एक ओट्याच्या कठड्यावर ठेवते. खाली वळणावर एसटी थांबते. कोणी उतरत नाही. एसटी जाते. बाई गार झालेला चहा अंगणात ओतून देते. बास, एवढंच. आमच्या हिने ती बघितली आणि गॅसवरची भाकरी करपली. लग्नानंतर पहिल्यांदा.

मग पुष्कळ दिवसांनी तिचा दुसरा भाग आला. तीच बाई, तेच दोन कप. एसटी थांबते आणि या वेळी एक माणूस उतरतो. तोंड दिसत नाही. हातात पिशवी. वर घरात दिवा लागलेला असतो, त्याच्याकडे बघत तो उभा राहतो. आणि लगेच चहाचं पाकीट येतं. खाली बारीक अक्षरं. पाकिटाच्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन. मी अक्षरं लावायला घ्यायचो तोवर दुसरी जाहिरात सुरू झालेली असायची. चौकोनाकडे बघून ती म्हणायची, "ठिपके टाकून ठेवलेत, रांगोळी काढायची राहिली."

तो माणूस कोण, यावरून आमचं रोज वाजायचं. मी म्हणायचो मुलगा. ती म्हणायची भाऊ.

"भांडून गेलेला भाऊ आहे. मुलगा असता तर धावत वर गेला असता."

"मग नवरा का नाही?"

"नवरा असता तर खालूनच ओरडला असता, पाणी ठेव म्हणून."

तिसरा भाग काही लागला नाही. मग दुसराही लागायचा बंद झाला. ती वाट बघत राहिली. दुपारी मालिका लागली की आतून विचारायची, "आली का हो?" मी नाही म्हणायचो.

मग ती आजारी पडली. डोंबिवलीला दवाखान्यात होती. तिथे वॉर्डात टीव्ही होता, पण आवाज बंद. शेवटी शेवटी ती फार बोलायची नाही. एका दुपारी डोळे मिटूनच तिने विचारलं, "तो पोचला का?"

मला वाटलं मुलाचं विचारते. तो नुकताच घरी गेलेला. म्हटलं, "पोचला. फोन आला."

तिने डोळे उघडले. म्हणाली, "तुम्हाला कसा आला फोन? जाहिरात तर बंद झालीय."

मी एवढा हसलो की नर्स रागावली. त्यानंतर ती माझ्याशी दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर बोलली असेल तर मला आठवत नाही.

दहाव्याला आम्ही कल्याणच्या खाडीवर गेलो. पिंड ठेवले. कावळे होते, भिंतीवर रांगेने बसलेले, पण एकही खाली येईना. माझा मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळीन." कावळा ढिम्म. सुनेने तुळशीचं सांगितलं. माझी बहीण म्हणाली, "वहिनी, नातीचं लग्न झोकात करू गं." कावळ्यांनी तोंडं फिरवली. नात तिकडून पुटपुटली, "आत्याआजी, त्यावरच अडलंय बहुतेक." ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले, म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ.

मला दर्भाचा कावळा नको होता. मी पुढे गेलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. "तो एसटीतून उतरलेला माणूस कोण, पोचला की नाही, ते मी बघून तुला सांगीन."

बहिणीने माझ्याकडे बघितलं, याचं डोकं फिरलं म्हणून. आणि कावळा आला. एकच. सरळ पिंडावर. चोच मारली आणि गेला.

मुलगा परत येताना रिक्षात म्हणाला, "बाबा, कावळ्याला भूक लागली असेल." असेल. पण मी शब्द दिलेला, आणि तो घेतला गेलेला. पुढे माझ्याकडे दुसरं काम नव्हतं.

दुपारी मी टीव्ही लावून बसायचो. मालिकेत डोळा लागायचा. जाहिरातीचा आवाज चढला की उघडायचा, आणि अर्धवट झोपेत मला दारात ती दिसायची. एक पाय आत, एक बाहेर. मी म्हणायचो, "अजून नाही आली." मग नीट जाग यायची आणि दारात नुसता पडदा हलत असायचा. कधी कधी वाटायचं डोंगरातलं ते घर आपल्याच स्वयंपाकघराच्या पलीकडे आहे. आतल्या खिडकीतून बघितलं तर वळण दिसेल.

बरेच महिने असे गेले. एका रविवारी नात आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ठिपक्यांच्या चौकोनाचंही सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली.

"आबा, भाजीवाल्याला पैसे देताना फोन धरतात तोच चौकोन तो. पुढचा भाग टीव्हीवर येणारच नव्हता. चहाचं पाकीट घ्यायचं, त्याच्यावरचा चौकोन फोनला दाखवायचा, की मग शेवट दिसणार."

"म्हणजे शेवट पाकिटावर होता?"

"हो. ज्याने चहा घेतला त्यालाच दाखवायचा. लोकांनी नुसतं बघून सोडून देऊ नये म्हणून."

खालच्या वाण्याकडे ती पाकिटं आमच्या डोक्याच्या उंचीवर लटकत असायची. आमची ही त्यांच्या खाली उभी राहून सुटा चहा मापून घ्यायची आणि वर येऊन मला विचारायची, आली का.

मी त्याच दिवशी पाकीट आणलं. त्याच्यावर चौकोन नव्हता. आता एका हिरोईनीचा फोटो होता. नातीने ऑफिसात चौकशी केली. चहा काही खपला नाही, म्हणून कंपनीने ती गोष्टच बंद केली आणि हिरोईन घेतली. व्हिडिओ कुठे सापडला नाही. ती म्हणाली, "एखादं जुनं पाकीट मिळालं तर बघू. कधी कधी चौकोनामागचं दार बंद करायला कोणीतरी विसरतं."

मग मी जुनं पाकीट शोधायला लागलो. डोंबिवलीतली दुकानं झाली, कल्याणची झाली. शीळफाट्याला गेलो तर माझी भिंत नाही. रस्ता रुंद झालाय. तिथे आता हलत्या चित्राचा भलामोठा पडदा, त्यात कुणाचंतरी कुटुंब नवीन घरात शिरतंय. मी बराच वेळ उभा राहिलो. त्यांच्या घरात लोक राहत होते, हे मात्र खरं.

दुकानदारांना मी सरळ विचारायचो, "जुना माल आहे का? तारीख उलटलेला चालेल." एकाने मला खुर्ची दिली, थंड मागवलं आणि हळूच विचारलं, "काका, सरकारी खात्यातून आलात का?" दुसरा म्हणाला, "आमच्याकडे सगळं ताजं असतं," आणि घाईघाईने एक खोका आत सारला.

पाकीट मिळालं शहाडला. नदीकडे जाणाऱ्या गल्लीत एक छोटं दुकान, गल्ल्यावर माझ्याच वयाची बाई. कपाटाच्या काचेआड ते पाकीट दिसलं. उन्हाने रंग उडालेला, पण चौकोन काळाच.

"ते शोचं आहे," बाई म्हणाली. "इथे एवढा महाग चहा कोण घेतो?"

"मला तेच पाहिजे."

"अहो दादा, भुसा झाला असेल त्याचा."

मग मी सांगितलं. दहावा, कावळा, सगळं. ती गल्ल्यावर कोपर टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एसटीतून उतरतो, ती का?"

"तीच."

"मग? पोचला का तो?"

ज्या बाईच्या दुकानात पाकीट होतं तिलाही माहीत नव्हतं. तिचा फोन साधा, माझाही साधा. तिने कपाटाचं कुलूप काढलं, पाकीट पदराने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. पैसे घेईना. "मला येऊन सांगायचं मात्र. नुसते जाऊ नका."

पाकीट घरी आणून टीव्हीच्या शेजारी ठेवलं. नात रविवारी येणार होती. फोन करून बोलावली असती तर आधीही आली असती. मी बोलावली नाही. शोधायचं होतं तोवर पायांना काम होतं. दुकानातून दुकानात फिरताना मी मनात आमच्या हिला सांगत असायचो, इथेही नाही गं, उद्या कल्याणला बघतो. रविवारी शेवट कळणार आणि मग तिला सांगायला माझ्याकडे काय उरणार? दुपारी झोपेत ते पाकीट मला घरासारखं दिसायचं. कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्यांत कुठेतरी दिवा लागलेला असायचा, आणि खाली वळणावर मी उभा. हातात पिशवी. वर जावं की नाही कळत नाही.

रविवारी नातीने फोन धरला. एक गोल बराच वेळ फिरला. मी म्हटलं, नाही चालत तर राहू दे. ती म्हणाली, "थांबा आबा." आणि लागलं.

तो माणूस पायवाट चढतो. कुत्रं भुंकतं. बाई बाहेर येते. दिव्यात त्याचं तोंड दिसतं. साधंच तोंड. तो म्हणतो, "वाट चुकलो. शेवटची गाडी गेली." बाई कठड्यावरचा दुसरा कप त्याच्या हातात देते. दोघं ओट्यावर बसतात. मग पाकीट. खाली अक्षरं आली. नातीने वाचून दाखवली, दारी आलेला प्रत्येक जण आपलाच, असं काहीतरी.

नातीचे डोळे भरलेले. "किती छान आहे ना, आबा?"

"छान काय? चुकलेला माणूस? एवढी वर्षं ती भाऊ म्हणत होती, मी मुलगा म्हणत होतो, आणि हा कोणीच नाही?"

"अहो, तेच तर! कोणीच नसून आपला होतो. याला बक्षीसबिक्षीस मिळालं असणार."

"मग चहा का नाही खपला?"

"लोकांना बाई लक्षात राहिली. चहाचं नाव नाही राहिलं."

मी नातीकडून ते परत लावून घेतलं. दुसऱ्यांदाही तो चुकलेलाच होता.

पितृपंधरवडा आला. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात. सून ठाण्याहून पहाटेच आली, खीर-वडे केले. पान घेऊन मी गच्चीवर गेलो. आदल्या दिवशी मुलगा म्हणालेला, "बाबा, भाऊच होता सांगा ना. आईला बरं वाटेल." मी म्हटलं, मी तिला पन्नास-एक वर्षांत भाजीचा भावसुद्धा खोटा सांगितला नाही, आता काय सांगू?

पान कठड्यावर ठेवलं. ठाकुर्लीच्या इमारतींवर ऊन नुकतंच आलेलं, पिवळं, पातळ. कावळा पाण्याच्या टाकीवर बसलेला. मी सुरुवात केली. "ऐक. तो एसटीतून उतरला ना, मग पायवाटेने वर चढला. कुत्रं भुंकलं." एवढ्यात कावळा खाली आला, वडा उचलला आणि शेजारच्या इमारतीवरून उडून गेला.

"अगं, ऐकून तरी घे!" मी ओरडलो.

खालून सून म्हणाली, "बाबा, कोणाशी भांडताय?"

मी थांबलो नाही. पान तसंच होतं, खीर होती, आभाळ होतं. उरलेलं सगळं सांगितलं. "कोणी नव्हता तो. वाट चुकलेला होता. तिने त्याला चहा दिला. संपलं." सांगून झाल्यावर कठड्याला धरून उभा राहिलो. छातीत एकदम रिकामं झालं, सामान हलवलेल्या खोलीसारखं.

दुसऱ्या दिवशी शहाडला गेलो. दुकानातल्या बाईला दिलेला शब्दही ठेवायला पाहिजे होता. तिने गिऱ्हाईक थांबवलं आणि नीट ऐकलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "असं कसं? चुकलेला होता तर मग ती रोज दोन कप कोणासाठी भरत होती?"

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नातीच्याही नव्हतं. आमच्या हिने मात्र पहिल्या झटक्यात हेच विचारलं असतं, गॅस बारीक करून.

"काय माहीत," मी म्हटलं.

"म्हणजे खरा माणूस अजून यायचाच आहे," बाई म्हणाली आणि गिऱ्हाइकाला साखर द्यायला वळली.

येताना मी हसत होतो. शहाड स्टेशनच्या पुलावर एक माणूस माझ्याकडे वळून बघत होता.

पाकीट फोडून तो चहा मी करून बघितला. बेचव. सुटाच बरा.

आता दुपारी टीव्ही जाहिरातींसाठी लावतो. मालिकेत डोळा लागतो, आवाज चढला की उघडतो. शेजारची सांगून गेली, "काका, जाहिरात लागली की जरा बारीक करत जा, भिंती पातळ आहेत." मी हो म्हटलं. करत नाही. आमच्या हिला आतपर्यंत ऐकू जायला पाहिजे.